सात नंबरची लाइन

"ताई, हे टोक धरा. काही झालं तरी सोडू नका बरं का."

लखननं पिवळ्या लाइनचं टोक हर्षालीच्या हातात दिलं आणि बाकीची लाइन सोडत तो दुकानाबाहेर पडला. फुटपाथवरून मागं मागं चालत शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या पायरीपर्यंत गेला आणि तिथून ओढायला लागला. लाइन ताणली गेली. डब्यात महिनोन्महिने पडून तिला आलेली वेटोळी हळूहळू सरळ व्हायला लागली. बाजाराची पिशवी घेऊन चाललेली एक बाई लाइनखालून वाकून गेली आणि जाता जाता म्हणाली, "काय बाई एकेक धंदे लोकांचे!"

हर्षालीनं टोक घट्ट धरलं. बोलायचं त्राण नव्हतं. सकाळी सातची एसटी, दिवसभर चांदवडच्या पंचायत समितीत दाखल्यांचे गठ्ठे, येताना द्वारका चौकापर्यंत उभ्यानं प्रवास, तिथून नाशिक रोडला रिक्षात चौघांत पाचवी. पायांचे पार तुकडे पडले होते. आणि आता ऐन संध्याकाळी मासे धरायच्या लाइनचं टोक पकडून उभं राहायचं. घरी जाऊन कुकर लावायचा होता तो वेगळाच.

लाइनचा तो गुळगुळीत, जरासा रबरी स्पर्श मात्र तिच्या ओळखीचा होता. चांगलाच ओळखीचा. ती पहिलीत असताना नाना, म्हणजे तिचे वडील, जेवायला आणि पाटीवर लिहायला बसवताना तिचा डावा हात असल्याच एका जुन्या तुकड्यानं शाळेच्या गणवेशाच्या कमरपट्ट्याला बांधायचे. सुतळी काचते म्हणून लाइन. पोरगी डावखुरी निघाली होती. डाव्या हातानं जेवणारी मुलगी उद्या सासरी गेली की लोक काय म्हणतील, ही नानांची काळजी. तीन महिन्यांत पोरगी उजव्या हातानं लिहायला लागली, जेवायला लागली. सासर काही मिळालं नाही. लग्नाचं जमलं नाही आणि पुढं पुढं तिनंही जमवायचं सोडून दिलं. आता चाळिशी आली. ऑफिसात सगळं उजव्या हातानं करायची, दाखल्यांवर शिक्के तेवढे डाव्या हातानं मारायची. शिक्का कसा मारायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून.

"झालं ताई. आता बघा कशी तारेसारखी झाली," लखन लाइन गोळा करत परत आला.

त्याचं दुकान जाळी, दोर, गळ आणि शिशाच्या गोळ्यांचं. गिऱ्हाईक सगळं धरणावरचं आणि नदीकाठचं. फ्लाय फिशिंगची, म्हणजे डोक्यावरून झुलवत टाकायची लाइन तो फक्त एका माणसासाठी कोलकात्याहून कुरिअरनं मागवायचा, आणि तो माणूस म्हणजे हर्षालीचे नाना, सावळीराम. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. तिथं फार वर्षांपूर्वी कुणी मुखर्जी नावाचे साहेब होते, ते बदली होऊन जाताना आपला रॉड नानांना देऊन गेले. तेव्हापासून सुटीच्या दिवशी नाना बंधाऱ्यावर. बाकीचे लोक गळाला कणीक लावून बिडी ओढत बसायचे आणि नाना लाइन डोक्यावरून मागं-पुढं, मागं-पुढं झुलवत उभे. "सावळीराम मासे नाय धरत, हवेला चाबूक मारतो," असं अख्खी कॉलनी म्हणायची. नाना हसायचे. धरलेली चिलापी परत पाण्यात सोडायचे, त्यावरूनही बोलणी खायचे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्याच वर्षी नानांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. औषधानं कमी राहील, जाणार नाही. हे नानांनीही ऐकलं आणि हर्षालीनंही ऐकलं, पण घरी येऊन दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. बंधाऱ्यावर लाइन पायाशी गोळा होऊन पडली की नाना म्हणायचे, "लाइनच बरोबर नाय." हर्षाली म्हणायची, "हो ना, लाइनच बरोबर नाही." आणि मग नवी लाइन यायची. वर्षात ही तिसरी.

पण यावेळी लखनसाठी सामानाची चिठ्ठी देताना नानांनी आणखी एक वाक्य जोडलं होतं.

"ही शेवटची. ही नाय जमली तर रॉड लखनला देऊन टाक."

ते वाक्य आठ दिवस तिच्या मानगुटीवर बसलं होतं. रॉड गेला की नाना खुर्चीत बसणार. एकदा बसले की उठायचे नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. रविवारची ती एक सकाळ होती म्हणून हा माणूस शनिवारी दाढी करत होता.

लखननं चिठ्ठी काउंटरवर सरळ केली. अक्षरं वेडीवाकडी, मोठाली, पहिलीतल्या पोरानं काढल्यासारखी. पूर्वी नानांचं अक्षर काय सुंदर होतं! हर्षालीनं नजर काढून घेतली.

"पण ताई, डोकं एकदम टकाटक आहे बरं का नानांचं," लखन म्हणाला. "हे बघा. रॉड सहा नंबरचा, तरी लाइन सात नंबरची मागवली. का? तर लाइन जराशी जड असली की तिच्याच वजनानं रॉड वाकतो, आपल्याला जोर कमी लावायला लागतो. पुढून वजनदार मागवली, तेही बरोबर. आणि लीडर..." त्यानं एक पारदर्शक नायलॉनचं वेटोळं उचललं. "लाइनच्या पुढं हा जोडायचा. नेहमी नऊ फुटी नेतात, आता साडेसात लिहिलंय. बुडाशी जाड आणि टोकाला केसासारखा. बुडाशी बारीक असला ना, तर लाइनचा जोर तिथंच मरतो आणि सगळा गुंता पाण्यात पडतो. आखूड आणि जाड म्हणजे हाताला सोपा. मीसुद्धा हेच दिलं असतं."

"मग द्या की."

"देतोच. पण ही शेवटची ओळ." लखननं बोट ठेवलं. "'रीळ उलटं भरणे. हँडल उजवीकडे.' नाना रॉड उजव्या हातात धरतात ना? मग रीळ फिरवायचं हँडल डावीकडं, मोकळ्या हाताला पाहिजे. आजवर तसंच होतं."

हर्षालीनं चिठ्ठी पाहिली. तसंच लिहिलं होतं.

"चुकलं असेल त्यांचं. उजवं-डावं होतं आजकाल. मागच्या आठवड्यात चपला उलट्या घातल्या होत्या."

"एवढं सगळं बरोबर लिहिलं आणि तेवढंच चुकलं?"

"लखनभाऊ, माझे वडील आहेत. मी रोज बघते त्यांना." तिचा आवाज नको तितका चढला. मग तिनं तो खाली आणला. "ते उजव्या हातानंच टाकतात. नेहमीसारखं भरा. मला स्वयंपाक आहे अजून."

लखननं खांदे उडवले आणि तिनं घरून आणलेलं रीळ नेहमीसारखं भरलं.

घरी नानांनी पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं, पण उघडली नाही. नवी लाइन पाण्यावरच उघडायची, हा त्यांचा जुना रिवाज. पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ते म्हणाले, "सगळं लिहिल्याप्रमाणं ना?"

"हो."

शनिवारी जिन्यात शेजारच्या उज्वलाकाकूंनी तिला थांबवलं.

"अगं हर्षाली, तुझे नाना दुपारी गच्चीवर लाटणं घेऊन काय करतात गं? परवा मी वाळवण काढायला गेले तर आपले उभे राहून हवेत लाटणं हलवतायत. मी घाबरलेच की!"

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय काकू," तिनं ठोकून दिलं. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. वर जाऊन तिनं लाटणं धुतलं आणि पोळ्या लाटल्या. नानांना मात्र काही विचारलं नाही. काही विचारलं की आजाराचा विषय निघायचा.

रविवारी सकाळी ते रिक्षानं बंधाऱ्यावर गेले. थंडी होती. काठाजवळ पाणवेलींचा हिरवा थर आणि त्यापलीकडं मोकळं पाणी. वीज केंद्राच्या चिमणीचा धूर सरळ वर चालला होता, म्हणजे वारा नव्हता. लाइन टाकायला याहून चांगली सकाळ मिळाली नसती. नानांनी दगडावर बसून पिशवी उघडली, रीळ बाहेर काढलं आणि ते हातात घेऊन नुसते बघत राहिले.

"उलटं भरायला सांगितलं होतं."

"नाना, तुम्ही उजव्या हातानं टाकता. चुकून लिहिलं असेल तुम्ही."

नानांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी रीळ रॉडवर बसवलं, लाइन कड्यांतून ओढून घेतली. लीडरच्या टोकाला गळ न लावता लाल लोकरीचा पुंजका बांधायला तिच्याकडं दिला. हात बसेपर्यंत गळ लावायचा नाही, हा आणखी एक रिवाज. मग ते पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि रॉड उजव्या हातात उचलला.

रॉडचं टोक आधीच थरथरत होतं. लाइन मागं गेली, अर्ध्यात सैल पडली, पुढं आली आणि त्यांच्याच पायाशी गोळा झाली. लाल पुंजका टोपीला अडकला. हर्षालीनं तो सोडवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लीडर रॉडलाच गुंडाळला गेला.

"लाइनच बरोबर नाही नाना," ती घाईघाईनं म्हणाली. "लखनला सांगते, सहा नंबरचीच..."

"लाइन चांगली हाय," नाना म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदाच. तिला वाटलं, आता रॉड घे म्हणणार, लखनला नेऊन टाक म्हणणार.

"लाइन लय चांगली हाय. हात गेलाय माझा. तुला माहीत हाय, मला माहीत हाय. कशाला उगाच लाइनीला नावं ठेवायची." त्यांनी रॉड उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतला. डाव्या हातात तो थरथरला नाही. "दोन महिने झाले, लाटणं घेऊन शिकतोय. लिहायलाबी शिकलो. चिठ्ठी त्याच हातानं लिहिली होती."

हर्षालीच्या डोळ्यांपुढं आली ती वेडीवाकडी अक्षरं. आणि ती लखनला ठणकावून आली होती, की चुकलंय म्हणून.

"थरथरत नाय, पण येतबी नाय," नाना म्हणाले. "येडा हात हाय नुसता. म्हणून म्हटलं तुला विचारावं. डाव्या हाताला जोर कुठून लावायचा असतो गं? मनगटातून का खांद्यातून?"

"मला विचारताय?"

"दुसरं कोण हाय डावखुरं आपल्यात?"

"मी डावखुरी नाही!" ती एकदम ओरडली. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईनं वर पाहिलं. "तुम्ही ठेवलंत का मला डावखुरी? बांधून बांधून मोडलात ना तो हात? आता मी काय सांगू तुम्हाला? मला काही येत नाही त्या हातानं. शिक्के मारता येतात. दिवसाला दोनशे शिक्के. तेवढंच उरलंय!"

नानांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "हो. मीच मोडला."

इतकंच. ना कारण, ना सारवासारव. तिला आणखी भांडायचं होतं, तीस-पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. पण समोरचा माणूस भांडायलाच उभा राहिला नाही. ती दगडावर बसली. नाक पुसलं. रीळ तिच्या पुढ्यात होतं आणि ते चुकीचं भरलं होतं, आणि ती चूक तिची होती.

"आणा ते," ती म्हणाली. "उलटं भरू. टोक धरा तुम्ही."

नानांनी टोक धरलं. ती लाइन सोडत काठाकाठानं पार बाभळीपर्यंत चालत गेली, रीळ रिकामं केलं. नानांनी तिथूनच ओरडून सांगितल्याप्रमाणे तिनं रिळाच्या आतली कळ फिरवली, हँडल उजवीकडं घेतलं आणि फेरा फेरा भरत परत आली. मध्ये एकदाही त्यांनी टोक सोडलं नाही.

"आता तूच टाक," नाना म्हणाले. "डाव्यानं. मला बघू दे."

"मी कधी रॉड धरलेला नाही नाना."

"शिक्का मारतेस ना? तो उचलतेस कसा? तसंच उचल. मागं जाऊ दे लाइन. घाई नको. थांब. मागं सरळ झाली की मग पुढं मार."

पहिली लाइन पाणवेलीत पडली. दुसरीही. तिसऱ्या वेळी ती मागं गेली, नाना म्हणाले "थांब", तिनं श्वास रोखला, "आता" म्हणाले आणि तिनं शिक्का मारावा तसा हात पुढं आणला. जड पिवळी लाइन हवेत उलगडत गेली, लीडर तिच्यापुढं सरळ झाला आणि लाल पुंजका मोकळ्या पाण्यावर अलगद टेकला. हर्षालीच्या तोंडून नुसतंच "अगं बाई!" निघालं.

नानांनी पाण्याकडं पाहिलंच नव्हतं. ते तिच्या हाताकडं बघत होते.

"कोपरातून," ते स्वतःशीच म्हणाले. "मी मनगटातून करत होतो. दे इकडं."

त्यांनी रॉड डाव्या हातात घेतला, लाइन मागं टाकली, आणि पुढं आणायच्या वेळी उजवा हात आपोआप उठून रॉडला धरायला आला. सगळी लाइन विस्कटली. पुन्हा केलं. पुन्हा तो थरथरता हात मध्ये आला. चाळीस वर्षांची सवय, तो तरी काय करणार.

नानांनी स्वेटरच्या खिशातून जुन्या लाइनचा हातभर तुकडा काढला. म्हणजे घरूनच घेऊन आले होते.

"हर्षे, हा मध्ये मध्ये येतो. बांध जरा पट्ट्याला."

तिनं तो तुकडा घेतला. नाही म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. नानांचं मनगट त्यांच्या कमरेच्या पट्ट्याशी आणून तिनं दोन वेढे दिले आणि गाठ मारली. जरा रागानंच मारली.

"एवढी घट्ट नको," नाना म्हणाले. "एक टोक मोकळं ठेव. ओढलं की सुटली पाहिजे. मी तुला बांधायचो तशी."

तिचे हात थांबले.

"ती सुटायची?"

"मग? लेकराचा हात होता तो. कुठं धडपडली-बिडली तर? एक टोक खाली सोडलेलं असायचं. जरा ओढलं की मोकळी."

"मला कुठं माहीत होतं!"

"मी सांगितलं नाय." नाना पाण्याकडं बघत होते. "मला वाटायचं, एखाद्या दिवशी ओढशील. रोज वाटायचं. एकदा जरी ओढली असतीस ना, तर मी परत बांधली नसती. पण तू शहाणी पोर. गपचूप बसायचीस."

हर्षालीला पाट आठवला, पाटी आठवली, पट्ट्याजवळ लोंबणारं ते पिवळं टोकसुद्धा आठवलं. त्या टोकाशी खेळू नये म्हणून ती त्याच्याकडं बघायचीदेखील नाही. उजवा हात मोकळाच असायचा. त्यात पेन्सिल असायची.

तिनं गाठ सोडली. पुन्हा बांधली, यावेळी सैल, एक टोक लांब सोडून.

"ओढून बघा," ती म्हणाली.

नानांनी डाव्या हातानं टोक ओढलं. लाइन सुटून खाली पडली.

"बरोबर हाय."

तिनं ती उचलून परत बांधली. रॉड त्यांच्या डाव्या हातात दिला. मग त्यांच्या शेजारी, त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिली आणि आपला डावा हात रिकामाच वर उचलला.

"माझ्याकडं बघा नाना," ती म्हणाली. "कोपरातून."